पळसाच्या देठांचा माणूस

लग्नासाठी त्यानं मला आधी पाहिलं होतं, तिला नंतर. हे चिखलीतल्या आमच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्यासमोर कुणी बोलत नव्हतं, त्यावरूनच किती माहीत होतं ते समजावं. आता ती जुनी माणसं सगळी गेली, म्हणून मीच बोलते. जन्म मास्तरच्या घरात काढला, त्यामुळं लिहिताना हात शाळेतल्या भाषेकडं वळतो. तोंड मात्र आमच्या वऱ्हाडचंच आहे, आणि स्वभाव माझा मीच आणलेला.

तो आमच्याच गावचा. वडील तहसील कचेरीत कारकून, आई तो लहान असतानाच वारलेली, घरात दुसरं कुणी नाही. नागपूरला राहून बिनतारी यंत्राचं काहीतरी शिकून आला होता. पाहण्याच्या दिवशी मी स्वैपाकघराच्या दाराआड उभी होते. माझं माहेरचं घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छप्पर, पुढचं दार ठेंगणं. तो चौकटीखाली वाकला, आत आला आणि सरळ झाला. माझ्या डोळ्यांना तो सरळ होतच राहिला, पार आढ्यापर्यंत. मग पोह्यांची बशी घेऊन मी गेले ती मान खाली घालून, तेव्हाची रीतच ती, म्हणून पुढं मला दिसले ते फक्त त्याचे पाय आणि बशी धरलेला हात. दोन घास खाऊन तो म्हणाला, "तिखट आहेत, पण चांगले झाले." एवढंच तो माझ्याशी जन्मात बोलला. ते वाक्य मी मनात किती वेळा घोळवलं असेल त्याला सुमार नाही.

नंतर पत्रिका गेल्या जोशीबुवांकडं. आमच्या आळीची सगळी लग्नं त्यांच्याच बोटांवर जमायची आणि मोडायची. त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, "मुलीला अष्टमात मंगळ आहे. हिच्याशी लग्न केलं तर पोराच्या जिवाला धोका. मी कसं हो म्हणू?" त्याच्या बापाला एकच पोर. संपलं. पंधरा दिवसांनी कळलं की माझ्या सख्ख्या मावशीच्या मुलीशी त्याचं ठरलं. पत्रिका अशी जुळली म्हणे की जोशीबुवांनी स्वतः पेढा मागून घेऊन खाल्ला. ती माझ्याहून लहान, माझ्याहून बुटकी. रंगानं उजळ होती असं लोक म्हणायचे. लोकांना म्हणू दे.

मला मंगळाचाच नवरा शोधला, म्हणजे मंगळाला मंगळ भिडवला. आमचे हे शाळामास्तर, घर त्याच्या घरासमोरच. सज्जन माणूस, पण घरात मी 'मले' म्हटलं की 'मला' म्हणायला लावणार, जेवतानासुद्धा. माझं लग्न घाईघाईत उरकलं आणि महिन्याभरात तिच्या लग्नात मी करवली. नव्या नवरीला करवली केली, कारण मावशीला दुसरी कुणी हाताशी नव्हती. तिच्या पाठीमागं करा घेऊन मी उभी. अंतरपाटाच्या पलीकडं तो, पाटावर, डोक्याला बाशिंग. अंतरपाट खाली आला तेव्हा त्यानं पाहिलं तिच्याकडं, आणि नजर माझ्यावरून अशी गेली जशी भिंतीवरून जाते. मागची बाई म्हणाली, सांभाळ, पाणी सांडून राह्यलं.

लढाई पेटली तसा तो विमानाच्या फौजेत गेला. बॉम्ब टाकणाऱ्या विमानात मागच्या जागेवर, यंत्र आणि बंदूक सांभाळायला. रजेवर आला की अख्खी आळी त्याच्या ओट्यावर. खाकी कपडे, आणि छातीवर शिवलेला एकच पंख. पोरं विचारायची, एकच काऊन? तो म्हणायचा, "दोन पंख चालवणाऱ्याले भेटतात बे. मले एकावरच भागवा लागते." सगळे हसायचे. मी समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसलेली असायची. गहू कसला, खडे गव्हात आणि गहू खड्यात जायचे.

माझी ही मावसबहीण त्या दिवसांत काय मिरवायची. नवी कोरी साडी, आणि चालणं असं की जणू तीच विमानातून उतरली. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, सगळ्या बायका ठिगळं लावत होत्या, आणि हिच्यासाठी तो कलकत्त्याहून काचेच्या बांगड्या कापसात गुंडाळून आणायचा. एकदा मला म्हणाली, "ताई, ह्यांच्या भाजीत मी मिरची टाकतच नाही. पोटाले सहन होत नाही त्यांच्या." मी वरवर हं म्हटलं. मनात म्हटलं, माझे पोहे तर खाल्ले होते, मिरचीसकट. तेवढ्यावर मी दोन दिवस खुशीत होते. माणूस कशावर जगतो पाहा.

तिच्याकडं एक फोटो होता. विमानासमोर दोघं, विमान चालवणारा सरदारजी आणि हा. विमानात दोघंच असत. फोटोत सरदारजी पंखाला टेकून बसलेला आणि हा पंखावर उभा, कमरेवर हात. तो फोटो तिनं देवघराशेजारी टांगला होता. हळदीकुंकवाला गेलं की देवाच्या पाया पडता पडता नजर तिकडं जायचीच. ती मला मुद्दाम जवळ बोलावून दाखवायची असं मला वाटायचं. तिच्या मनात तसं काही नसेलही. मला तसंच वाटायचं.

मग तार आली. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीकडं गेलेलं विमान परत आलं नाही, दोघंही बेपत्ता. मेले असं नाही, बेपत्ता. आळीत रडारड झाली, पण अर्धवट, कारण कशाबद्दल रडायचं ते कुणालाच ठरवता येईना. बायका दबक्या आवाजात विचारायला लागल्या, आता हिला हळदीकुंकवाला बोलवायचं का नाही? तिचं कुंकू राहतं का जातं, हाच सगळ्यांसमोर प्रश्न. ती स्वतः भिंतीला पाठ लावून बसलेली, कपाळावर हात ठेवून, कुणी येऊन पुसून टाकेल म्हणून कुंकू झाकून.

जोशीबुवा आले. पत्रिका मांडली, बराच वेळ बोटं मोजली आणि सांगितलं, "मुलीचं सौभाग्य अखंड आहे. पोरगा जिवंत आहे, कुठं तरी अडकला आहे. आणि शास्त्र असं की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहावी. तोवर ही सवाष्णच." आता ते दुसरं काय सांगणार होते? पेढा त्यांनी खाल्ला होता. पण त्यांच्या तोंडून ते आलं आणि आळीनं ते मान्य केलं.

झालं, त्या दिवसापासून ती आम्हा सगळ्यांच्या वरची सवाष्ण झाली. संक्रांतीला पहिलं वाण तिला. चैत्रात पहिली ओटी तिची. तिच्यासमोर कुणी नवऱ्याचं गाऱ्हाणं करायचं नाही, मोठ्यानं हसायचं नाही. माझे हे थंडीत रात्रंदिवस खोकायचे, मी काढे करून करून दमायची, पण माझी विचारपूस करायला कुणी आलं नाही. नवरा घरात आहे ना, मग काय दुःख तुला? तिचा नवरा मात्र म्हातारा होत नव्हता, खोकत नव्हता, भाजीला नावं ठेवत नव्हता. फोटोत कमरेवर हात ठेवून उभा होता आणि ती त्याची वाट पाहू शकत होती. चारचौघांत, हक्कानं. मला हेवा वाटायचा तो त्या हक्काचा. विमानाचा आवाज आला की ती हातातलं काम टाकून धाब्यावर चढायची, आणि खालून बायका म्हणायच्या, बिचारी. मीही बाहेर यायची. माझ्या मागल्या अंगणात, धुणं वाळत घालायच्या निमित्तानं. मला कुणी बिचारी म्हटलं नाही. माझ्या धुण्याचं पाणी माझ्याच पायावर गळायचं.

लढाई संपली. माणसं परत यायला लागली. एका दुपारी धामणगाव बढे गावाकडचा एक मुसलमान पोरगा तिच्या सासऱ्यांचं घर विचारत आला. आमच्या माणसाच्याच तुकडीत विमानांची इंजिनं दुरुस्त करायला होता. मी तेव्हा तिच्याकडं पापड लाटायला गेले होते. आम्ही दोघी आतल्या दाराआड, तो आणि तिचे सासरे बाहेर ओसरीवर. तो आधी पाणी प्याला. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काकाजी, मी सोता तिथं गेलो होतो," तो म्हणाला. "विमान पहाडाले लागलं होतं. जंगलात दिसलंच नाही कोणाले. पहाडी लोकायनं दोघायले मातीत ठेवलं, एकाच खड्ड्यात. येगळे करता आले नाहीत. मी दगडं लावून आलो वरतून." मग म्हणाला, "त्याइचं विमान मीच तपासून देत होतो. म्हणून वाटलं, सांगायले मीच यावं."

माझ्या बहिणीनं लाटणं खाली ठेवलं आणि सरळ बाहेर गेली. परपुरुषासमोर ती कधी गेली नव्हती. तिनं विचारलं, "ते कुठं बसले होते?"

"मागं, वहिनी. मागचा माणूस उलटा बसते. शेपटाकडं तोंड करून."

"म्हणजे विमान तिकडं जाय तेव्हा तोंड इकडं?"

"हाव."

"मंग ते आपल्याकडंच पाहत होते," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली.

मी दाराआड उभी. माझ्या डोक्यात काय आलं ते सांगते. आपल्याकडं म्हणजे कोणाकडं गं? आणि दुसरं आलं ते असं, की मला त्या सरदारजीचा हेवा वाटला. शेवटी त्याच्याजवळ होता तो सरदारजी, आणि आता कायमचा जवळ राहिला तोही सरदारजीच. बाहेर बायका जमल्या. तिला चौघींनी धरलं होतं. बांगड्या फुटल्याचा आवाज मला स्वैपाकघरात आला, कारण मला चहा ठेवायला लावलं होतं. मला कुणी धरलं नाही. धरावं असं माझं काही गेलंच नव्हतं ना. मी चहात साखर टाकली की नाही तेसुद्धा मला आठवत नव्हतं, आणि तो मुसलमान पोरगा तो चहा मुकाट्यानं प्याला.

आता प्रश्न आला अग्नीचा. पोराला माती मिळाली होती, अग्नी मिळाला नव्हता, आणि बापाला ते सोसवत नव्हतं. जोशीबुवांनी पोथी काढली. देह नसेल तर पळसाच्या देठांचा माणूस करावा, नारळाचं डोकं लावावं, त्याला रीतसर सरणावर ठेवावं. त्यांनी हे वाचलं होतं, केलं कधीच नव्हतं. आमच्या आळीतला माणूस आळीतच मरायचा, असला प्रसंग कधी आलाच नव्हता. गड्यानं घाटाच्या उतारावरून पळसाच्या डहाळ्यांचे भारे आणून त्यांच्या परसात टाकले. जोशीबुवा बांधायला बसले. एक हात बांधून होईतो दुसरा सुटायचा.

तिचे सासरे म्हणाले, "मास्तरीणबाईले बोलवा. पळसाच्या पानाले तिच्यासारखा हात कोणाचा नाही."

ते खरं होतं. आळीतल्या प्रत्येक कार्याच्या पत्रावळी माझ्या हातच्या. बाईमाणसानं ह्या कामाला हात लावावा का, म्हणून जोशीबुवा जरा अडले. पण सुटलेला हात त्यांच्या मांडीवरच पडला होता, त्यामुळं हो म्हणाले.

मी गेले. परसात कडुनिंबाखाली बसले. ती आत कोपऱ्यातल्या खोलीत होती, नव्या विधवेनं पुतळ्याला शिवायचं नाही म्हणून. जोशीबुवा पोथीतून सांगत गेले, मानेला इतके देठ, छातीला इतके, आणि मी लोकरीच्या धाग्यानं बांधत गेले. मी विचारलं, "उंची किती ठेवू?"

त्यांनी पानं उलटली. "उंची नाही दिली. माणसाएवढा कर."

माणसाएवढा. मला काय कुणाला विचारायची गरज होती? मला माहीत होता तो. चौकटीखाली वाकून आत आलेला आणि सरळ होत गेलेला. मी पाय लांब घेतले. खांदे रुंद घेतले. छातीचे देठ एकमेकांत घट्ट बसावे म्हणून तळव्यानं दाबले. दिवसाढवळ्या, त्याच्या बापाच्या सांगण्यावरून, जोशीबुवांसमोर, मी त्याच्या छातीवर हात ठेवला होता आणि मला कुणी काही म्हणू शकत नव्हतं. तिला त्या दिवशी त्याला शिवता येत नव्हतं आणि मला येत होतं. मला आनंद झाला. होय, आनंदच झाला.

तेवढ्यानं माझं तोंड सुटलं. हातातलं काम न थांबवता मी म्हटलं, "काऊन हो काका, मंगळ तर माझ्या घरी नेला होता. मंग हा कसा गेला?"

जोशीबुवांनी पोथीतलं बोट काढलं नाही. तसेच म्हणाले, "तिची पत्रिका चांगलीच होती. त्याची कमी पडली." आणि आंघोळीला विहिरीवर निघून गेले.

मी नारळ बसवत होते तेवढ्यात ती मागल्या दारानं बाहेर आली. पांढरं कपाळ, मोकळे हात. मी इतकी वर्षं जे कुंकू पाहून जळत होते ते नव्हतं तिथं. ती पुतळ्याकडं पाहत उभी राहिली. मला वाटलं, रडेल. मला वाटलं, म्हणेल, ताई, किती हुबेहूब केलास.

"ताई," ती म्हणाली, "ते इतके उंच नव्हते."

मी म्हटलं, "काही तरीच. मी पाहिलेलं आहे."

तिनं इकडं तिकडं पाहिलं, परसात आम्ही दोघीच. मग ती पुतळ्याशेजारी जमिनीवर आडवी झाली. शिवली नाही, बोटभर अंतर ठेवून. स्वतःचं डोकं नारळाच्या बरोबरीला आणलं, पाय सरळ केले आणि आभाळाकडं पाहत म्हणाली, "हे बघ. डोकं असं जवळजवळ आलं की त्यांचे पाय माझ्या पायाच्या जरासे खाली जायचे. हे एवढेच." आणि तिनं टाच थोडी पुढं सरकवून दाखवली.

पुतळ्याचे पाय तिच्या टाचेच्या वीतभर खाली गेले होते.

मी तिच्याहून उंच. म्हणजे तो माझ्याएवढा होता. मी त्याच्या शेजारी कधी उभीच राहिले नव्हते, मला कसं कळणार? जेव्हा पाहिला तेव्हा तो पाटावर, ओट्यावर, नाहीतर विमानाच्या पंखावर. आणि माझ्या माहेरच्या त्या दाराखाली तर सगळेच वाकतात. आमचे हेसुद्धा वाकून यायचे, आणि ह्यांना उंच असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळत होते तो तिच्याजवळ नव्हताच. तिच्याजवळ दुसराच होता, खरा, आणि त्याचं माप तिला झोपेतसुद्धा पाठ होतं.

ती उठली, केसातली माती झटकली आणि सांगितलं, "पायाचे कमी कर." मी धागा सोडला. तिनं शिवायचं नव्हतं, म्हणून ती नुसती बोटानं दाखवत होती आणि मी देठ काढत होते. "अजून," ती म्हणायची. मी अजून काढायची. "बस," म्हणाली तेव्हा मी गाठ मारली. जाता जाता ती थांबून म्हणाली, "त्या सरदारजीचं त्याच्या घरी कोणी केलं असन का गं?" तिनं ओंजळभर तीळ आणून त्याच्या नावानं पुतळ्याच्या उशाशी वेगळे ठेवले आणि आत गेली.

जोशीबुवा ओल्या पंच्यानं परत आले. पुतळा पाहून म्हणाले, "हं, आता माणसासारखा दिसतो. उरलेले देठ नदीत सोडून द्या."

मी हो म्हटलं. उरलेले देठ पदराखाली घेतले आणि घरी आणले. पळसाचा वीतभर तो. त्याच्यावर तिचा हक्क नव्हता, बापाचा नव्हता, सरदारजीचाही नव्हता. तो मी केला होता आणि तो माझा एकटीचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या माणसाला नदीकाठी अग्नी दिला, तेव्हा मी परसात बंबाशी बसून माझ्या माणसाला दिला. ओले देठ धुरकटले, मग धडधडून पेटले. मी डोळे पुसले. धुराचे कोण विचारतं?

आमचे हे आंघोळ करून बाहेर आले. म्हणाले, "आज पाणी चांगलं कडक तापलं होतं."

"मले माहीत आहे," मी म्हटलं, आणि त्यांना पंचा दिला. त्या दिवशी त्यांनी 'मला' म्हणायला लावलं नाही.